दहावा बिल्ला

“मावशी, या बाटलीचा दहावा बिल्ला कोणाला देऊ नका. तुमच्याजवळ ठेवा.”

सिस्टर असं म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, माझे कान वाजताहेत. अठरा वर्षं मी या दवाखान्यात झाडलोट करते, रांग लावते, बिल्ले वाटते. एवढ्या वर्षांत सिस्टरनी कोणासाठी नंबर अडवलेला मी पाहिला नव्हता. एकदा तर खुद्द मोठ्या डॉक्टरांच्या मेव्हण्याला त्यांनी रांगेच्या शेपटाला उभं केलं होतं.

“कोणासाठी हो?”

“मुलगी येते म्हणालीय. बहुतेक.”

ते ‘बहुतेक’ इतक्या हळू आलं की पुढे विचारायचा मला धीर झाला नाही. बिल्ला काढून मी एप्रनच्या खिशात टाकला.

फ्लूची लस आमच्याकडे बाटलीतून येते. एका बाटलीत दहा माणसं. बाटली उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरेल ते टाकून द्यायचं. म्हणून दाराशी एक फळी, तिला दहा खिळे आणि खिळ्यांवर पत्र्याचे दहा बिल्ले. दहा संपले की ते परत टांगायचे आणि नवी बाटली काढायची. दवाखान्यातल्यांच्या घरच्यांनी मात्र संध्याकाळपर्यंत थांबायचं, शेवटच्या बाटलीत उरलं तरच घ्यायचं. हा नियम सरकारचा नव्हे, सिस्टरचा. “वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं,” असं त्या म्हणत.

बिल्ल्यांवरचे आकडे पेंटरनी काढलेले आहेत. पेंटर म्हणजे सिस्टरचे यजमान. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि थिनरच्या वासाने छातीचा पार भाता करून घेतला. दर वर्षी थंडी पडायच्या आधी आमचा मोठा बोर्ड त्यांच्या हातून निघायचा. ‘खोकताना तोंडावर रुमाल धरा. हात साबणाने धुवा. ताप अंगावर काढू नका. लस घ्या.’ खाली तारखेची जागा. जुनी तारीख खरवडून ते नवी घालायचे, बोर्ड टांगायचे आणि बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बाही वर सारून संध्याकाळपर्यंत बसून राहायचे.

उरलं की सिस्टर समोर येऊन विचारायच्या, जशी काही ओळखच नाही, “उजवा की डावा?”

“डावा द्या सिस्टर. उजव्यावर आमचं पोट आहे.”

दर वर्षी तेच, आणि दर वर्षी मी खो खो हसायची.

गेल्या वर्षी शेवटची बाटली उघडली होती. पुढचा साठा तीन आठवड्यांनी यायचा होता. नऊ बिल्ले गेले, दहावा खिळ्यावर होता आणि पेंटर बाकावर. दार लावायला पाच मिनिटं असताना एक बाई म्हाताऱ्या सासूचा हात धरून धापा टाकत आली. मी बिल्ला काढला आणि म्हातारीच्या हातात ठेवला. खरं सांगते, विचार केलाच नाही. खिळ्यावर बिल्ला आहे, समोर माणूस आहे, तर द्यायचा, इतक्या वर्षांची सवय. दिल्यावर बाकाकडे लक्ष गेलं आणि मी जीभ चावली. सिस्टर हातात सिरिंज घेऊन तशाच उभ्या होत्या.

पेंटरनी बाही खाली केली. “अहो, द्या त्यांना. मी काय, घरचाच.”

सोळाव्या दिवशी त्यांना ताप भरला, त्यावर न्युमोनिया झाला. नवा साठा आला तेव्हा पेंटरना जाऊन दोन दिवस झाले होते.

लेक सगळ्यांसमोर म्हणाली, “आई, तू बाबांनाही रांगेत शेवटी बसवलंस.” त्यानंतर वर्षभर तिने माहेरी पाऊल टाकलं नाही. आता तिला सातवा महिना आहे. आणि मला सिस्टर काय म्हणाल्या? काही नाही. एका शब्दाने नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर माझा जीव तरी मोकळा झाला असता.

यंदा बोर्डावरची धूळ आम्ही दोघींनी मिळून पुसली; अक्षरं पेंटरनी काढलेलीच ठेवली. तारीख सिस्टरनी घातली. सुई सराईतपणे धरणाऱ्या हाताला ब्रश काही धरता येईना, आणि आकडे उतारावरून घसरल्यासारखे खाली गेले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “वाचता येतंय ना? बास.”

तर बिल्ला खिशात टाकला त्या दिवशी साठ्यातून तीनच बाटल्या मिळाल्या होत्या. दोन दुपारपर्यंत संपल्या. तिसरीचे नऊ बिल्ले साडेतीनपर्यंत गेले. चारच्या सुमाराला एक आजोबा आले, डोक्याला कानटोपी, काखेत छत्री.

“लस मिळेल का हो?”

“संपली आजोबा. सोमवारी या.”

“दोन बस बदलून आलो बाई.”

“मग लवकर निघायचं होतं!” मी उगाच खेकसले. खिशात बिल्ला होता ना, चोराच्या मनात चांदणं.

आजोबांनी बोर्डासमोर उभं राहून तो वरपासून खालपर्यंत वाचला. खोकला आला तसा खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला आणि निघून गेले.

पाचला दार लावायचं असतं. सिस्टर म्हणाल्या, थांबा जरा. पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. खोली लहान, पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

“आई, मी घेतली लस. इथल्याच दवाखान्यात.”

“अगं, तुझी इथे ठेवली होती मी.”

“ठेवली होतीस? बाबांची ठेवली असतीस तर.”

सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. “हात दुखतोय का?”

“थोडा.”

“ओलं फडकं ठेव. चोळू नकोस.”

“हं.” फोन बंद झाला.

सिस्टरनी बाटली उजेडात धरून पाहिली. एका माणसाची लस तळाशी उरली होती.

“मावशी, आज कोणाला परत पाठवलंत?”

खोटं बोलता आलं असतं. पण जीभ रेटली नाही. “एका आजोबांना. लांबून आले होते. खोकत होते.”

सिस्टर खुर्चीत बसल्या. “जन्मात एकदा आधी आपलं पान वाढून घेतलं,” त्या म्हणाल्या, “आणि तेही वाया गेलं.”

मी तशीच अनवाणी स्टॉपपर्यंत धावले. स्टॉप रिकामा होता. तिथे बसणारा चपला शिवणारा म्हणाला, टोपीवाले म्हातारे ना? ते साडेचारच्या गाडीने गेले.

परत आले तर सिरिंज भरून तयार. “बसा.”

“मी? अहो सिस्टर, मला सुईची...” अठरा वर्षं मी लोकांना ‘मुंगी चावल्यासारखं वाटतं’ म्हणून सांगत आले आणि स्वतः दर वर्षी काहीतरी निमित्त काढून पळत आले.

“माहीत आहे. टाकून देण्यापेक्षा बसा.”

बाकाच्या एका टोकावर माझीच बादली ठेवलेली. भिंतीकडचं टोक तेवढं मोकळं होतं. तिथे बसले.

“उजवा की डावा?”

“डावा द्या,” तोंडातून निघून गेलं. सिस्टरचा हात थांबला.

मला राहवेना. “सिस्टर, गेल्या वर्षी तो बिल्ला मी...”

“हात ढिला सोडा मावशी.”

“मी विचारच केला नाही हो. माझ्या लक्षात...”

“ढिला सोडा. ताठ धरला की जास्त दुखतं.”

सुई गेली. मी हुंदके देऊन रडत होते आणि सुई काही दुखली नव्हती. सिस्टरनी दंडावर कापूस दाबून धरला.

“बिल्ला तुम्ही दिलात,” त्या म्हणाल्या. “लस तर मीच टोचली ना.”

एवढंच. मग त्या हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

मी बिल्ले खिळ्यांवर टांगले. पहिला तेवढा सोमवारसाठी खिशात ठेवला. आजोबा परत येतील की नाही, कोण जाणे. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

बोर्ड रोज मीच आत आणते. त्या दिवशी सिस्टरनी आणला. अक्षरांची बाजू आत करून भिंतीला टेकवला. अक्षरं बाहेर ठेवली तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के लागून त्यांनी दिलेला रंग उडतो, म्हणाल्या. मग दिवा बंद केला आणि आम्ही दार ओढून घेतलं.