बंद दुकानाचा श्वास

धाकट्याचा सातवा अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी एकाच ट्रॅकबद्दल भरभरून लिहिलं. अकरा मिनिटं, शब्द नाहीत, ठेका नाही. खालून एक घुमणारा आवाज येतो, थरथरतो, थांबता थांबता पुन्हा सुरू होतो. वीस वर्षं धाकटा एकटाच एका खोलीत बसून असं इलेक्ट्रॉनिक संगीत करत होता आणि त्या दुनियेत त्याचं नाव होतं. हा आवाज आणला कुठून, असं वर्तमानपत्राच्या मुलाखतीत विचारल्यावर तो म्हणाला होता, "कायमच्या बंद पडलेल्या एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातून. त्याचा शेवटचा श्वास आहे तो."

दुकान त्याच्या दादाचं होतं आणि रोज सकाळी नऊला उघडत होतं.

रेकॉर्डिंगसाठी दादाने चार मंगळवार, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, तासभर शटर खाली ओढलं होतं. तीन फ्रिज आणि एक जुना डीप फ्रीझर चालू ठेवून तो स्टुलावर हाताची घडी घालून बसायचा. पाना खणखणेल म्हणून हातात घ्यायचा नाही. एकदा खोकल्याची उबळ आली तर हातरुमाल तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती दाबून धरली. बाहेरून कुणी शटर ठोठावलं की भावाकडे बघून चोरासारखा हसायचा.

चालू दुकानाची गोष्ट कुणी छापली नसती, हे धाकट्याला ठाऊक होतं. आणि माझा भाऊ फ्रिज दुरुस्त करतो, हे त्या मुलाखतीत सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती. हे दुसरं कारण त्याने स्वतःलाही उशिराच सांगितलं.

महिन्याभराने वहिनीचा फोन आला. दुकानात येणारे फोन तीच घ्यायची. एका हॉटेलच्या शीतगृहाची देखभाल दादाकडे चौदा वर्षं होती. ते काम हॉटेलमालकांनी दुसऱ्यांना दिलं होतं. तिने विचारलं तर मालक म्हणाले, दुकान बंद पडल्याचं पेपरात वाचलं. खाली ओढलेल्या शटरचा फोटोही होता, पाटीचा कोपरा ओळखला. जखमेवर मीठ नको म्हणून फोन केला नाही.

"तो फोटो तुम्हीच दिलात ना, भावजी?" वहिनीने विचारलं. तो हो म्हणाला. तिने फोन ठेवला.

तो दुकानात गेला तेव्हा दादा एका फ्रिजच्या पाठीमागे उकिडवा बसला होता. धाकट्याने सगळं सांगितलं, जीभ न रेटल्याचंही. दादाचे हात चालूच होते.

"मी मेलो असतो तर गाणं आणखी चांगलं झालं असतं का रे?" दादाने विचारलं. आवाज चढवला नाही. उत्तर खरंच हवं असल्यासारखं विचारलं.

धाकट्याने पेपरात खुलासा छापून आणतो म्हटलं. दादा म्हणाला, दोन ओळी येतील, त्याही रद्दीत जातील. "त्या मालकांकडे जा. समोर बसून सांग."

हॉटेलमालक भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला स्वयंपाकघराच्या मागे नेलं. शीतगृहाच्या दारावर नव्या कंपनीचा स्टिकर लागला होता. वर्षाचा करार झालाय, आता मोडता येणार नाही, असं त्यांनी चाचरत सांगितलं. चूक जणू त्यांचीच होती.

"म्हणजे ते खोटं होतं?"

"हो."

"पण फार सुंदर बोलला होतात हो. माझी मुलगी रडली वाचून." मग त्यांनी फोन काढला. मुलीला दाखवायला एक फोटो हवा होता. त्याच दारासमोर त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला.

तो परतला तेव्हा दादा हात पुसत होता. काम गेलं, असं धाकट्याने सांगितलं. फोटोचंही सांगितलं, ते सांगितल्यावाचून राहवेना.

"हसलास फोटोत?"

"सवयीनं."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. लहानपणी असं बघितल्यावर तो एक ठेवून द्यायचा आणि विषय संपायचा. आता तसं काही झालं नाही. पलीकडे काउंटरवर वहिनी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही हो, बंद कुठलं? चालू आहे. पेपरातलं सोडा, तुम्ही या." सकाळपासूनचा तो चौथा फोन होता.

"बघतोयस काय," दादा म्हणाला. "तिला जेवायला जाऊ दे. पुढचे फोन तू घे."

वहिनीने खुर्ची रिकामी केली. धाकटा तिच्या जागी बसला. काय म्हणायचं ते त्याने मनात दोनदा घोकलं, तेवढ्यात फोन वाजला.