डाव्या पायाची आतली धार

माझा धाकटा भाऊ ओरेस्त चौदा वर्षं बर्फावरची व्यावसायिक हॉकी खेळला, आणि त्या चौदाही वर्षांत त्याच्या स्केट्सची पाती मीच घासून दिली. हल्ली पातं बुटातून सुटं काढता येतं. दर तीन आठवड्यांनी तो बोथट झालेल्या चार जोड्या कॅनडातल्या पॉप्लर लेकला आमच्या दुकानात पोस्टाने पाठवायचा, आणि मी त्यांना धार लावून परत पाठवायचे. त्याच्या संघांना हे आवडत नसे. प्रत्येक संघात सामान सांभाळणारा एक माणूस असतो आणि धार लावणं हे त्याचं काम. पण हॉकीत खेळाडूच्या खुळाला सहसा कोणी हात लावत नाही. कोणी दोन हंगाम एकच बनियन न धुता घालतो. ओरेस्तची पाती बहिणीकडून येत.

दुकान गावातल्या बर्फाच्या रिंकच्या भिंतीला लागून आहे. ते आमच्या वडिलांचं. आम्ही त्यांना तातो म्हणतो. मी सास्काटूनला धातुशास्त्र शिकले, सहा वर्षं खाणीच्या प्रयोगशाळेत काम केलं, आणि तातोंचा हात थरथरायला लागला तेव्हा परत येऊन धार लावायच्या चाकापाशी उभी राहिले. ते अजूनही रोज सकाळी दाराजवळच्या बाकावर येऊन बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाची फिरकी घेतात.

पात्याच्या तळाला लांबट खाच असते, त्यामुळे एका पात्याला दोन धारा होतात, आतली आणि बाहेरची. दोन्ही एका उंचीवर हव्यात. ते बघायला आमच्याकडे एक छोटी चुंबकी पट्टी आहे. ती पात्यावर आडवी ठेवायची. पट्टी कलली की धार लावणाऱ्याने चूक केली असं समजायचं.

पात्यावरून माणूस बराच कळतो. कोणाचा घोटा दुखतोय, कोण सरावात अंगचोरपणा करतोय, कोण घाबरून एकाच बाजूला वळतोय, हे सगळं झिजलेल्या धारेत दिसतं. तातोंनी मला शिकवलेला पहिला नियम असा, की पात्याने जे सांगितलं ते दुकानाबाहेर न्यायचं नाही. दुखणं खेळाडूचं असतं. ते कोणाला सांगायचं हे त्याने ठरवायचं; त्याने विषय काढल्याशिवाय आपण त्याच्याजवळही काढायचा नाही. संघसुद्धा वर्तमानपत्राला ‘कमरेखालची दुखापत’ एवढंच कळवतात. आमच्या घरात तर याहून कमी बोलायची पद्धत होती. सतराव्या वर्षी ओरेस्त पुढचे दोन दात रुमालात बांधून घरी आला, तेव्हा आईने फक्त एवढंच विचारलं की कोबीत गुंडाळलेला भात चावता येईल, की रात्रीपुरतं सूप करू.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये हंगाम संपल्यावर आलेल्या खोक्यातली डावी पाती मला वेगळी वाटली. भिंगाखाली धरली. बाहेरची धार नेहमीसारखी झिजलेली होती. आतली जवळजवळ कोरी. ओरेस्त बचावाला खेळतो. समोरचा गडी अंगावर आला की उलटं सरकत जायचं, आणि तो उजवीकडून निघाला की डाव्या पायाच्या आतल्या धारेवर सगळा भार टाकून झटकन वळायचं. तो भार तो टाकत नव्हता. घोटा दुखत असता तर झीज टाचेकडे दिसली असती. हे दुखणं वर कुठेतरी होतं, खुब्यात.

मी फोन उचलू शकले असते. त्याऐवजी मी डाव्या पात्यांची आतली धार बाहेरच्या धारेपेक्षा दोन शतांश मिलिमीटर उंच ठेवली. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. उंच धार थोड्या भारातही बर्फ पकडते, त्यामुळे खुब्याला कमी ओढ बसते. पुढच्या महिन्यात त्याचा निरोप आला, खोक्याला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला: ‘स्तेफ, काय केलंस? पाय पंचवीस वर्षांचा झालाय.’

मला फार बरं वाटलं. म्हणून मी ते चालू ठेवलं. दर काही महिन्यांनी आतली धार पुन्हा कोरी यायला लागायची आणि मी ती आणखी थोडी उंच करायचे. प्रत्येक वेळचं माप मी वहीत लिहीत होते, सवयीने. या फेब्रुवारीपर्यंत फरक अकरा शतांशांवर गेला होता. आता पट्टी नुसत्या डोळ्यांनी कललेली दिसत होती. ज्या वेगाने मी धार उंच करत होते त्याच वेगाने त्याचा सांधा जात होता. तो आलेख काढायला मला प्रयोगशाळा लागत नव्हती.

एप्रिलमध्ये, बाद फेरीच्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्याच्या आठवड्यात, हिमवादळाने रस्ते बंद झाले आणि माझं खोकं विनिपेगला अडकलं. त्याच्या संघाचा सामानवाला रेजाँ नावाचा साठीचा गृहस्थ होता. त्याने ओरेस्तची जुनी जोडी घेतली, पट्टी ठेवली, धारा वाकड्या दिसल्या, आणि कोणताही चांगला कारागीर करेल तेच केलं: दोन्ही धारा एका पातळीवर आणल्या. सामन्याच्या तिसऱ्या, शेवटच्या सत्रात समोरचा गडी उजवीकडून निघाला, ओरेस्त वळला, आणि डावा पाय त्याच्याखालून सरकून गेला. गडी एकटा पुढे गेला. गोल. हंगाम संपला.

ओरेस्तने रेजाँला सगळ्यांसमोर, बूट हातात धरून, नको ते ऐकवलं. आमच्या गावातही उन्हाळाभर हेच चाललं होतं, की त्या म्हाताऱ्याने पाती बिघडवली. मेमध्ये मला रेजाँचा फोन आला. मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, बाई, तुमचं यंत्र नादुरुस्त तर नाही ना? मी म्हटलं, नाही. मग तो म्हणाला, मला वाटलंच होतं, हे मुद्दाम केलेलं आहे. मी कोणाला बोललेलो नाही, त्याचा करार व्हायचाय. पुढे त्याने इकडचंतिकडचं विचारलं आणि फोन ठेवला.

करार ऑगस्टमध्ये आला. ओहायोच्या एका संघाने दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. चौतिसाव्या वर्षी असं पत्र सहसा कोणाला येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ओरेस्त ते पत्र आणि बुटांची पिशवी घेऊन दुकानात आला. येताना तीन पायऱ्या चढला, तीनही उजव्या पायाने.

“या, या,” तातो म्हणाले. “किती दात शिल्लक आहेत? ओहायोवाले मोजून घेतात म्हणे.”

“तुमच्यापेक्षा दोन जास्त आहेत, तातो.”

“माझे मी जेवून घालवले. तुझे फुकट गेले.”

ओरेस्त हसला आणि पत्र माझ्यासमोर ठेवलं. त्याने त्यांना आधीच सांगून टाकलं होतं की पाती घरूनच येतील, संघाच्या माणसाने हात लावायचा नाही. मला जायच्या आधी सहा जोड्या हव्यात, तो म्हणाला, पुन्हा वादळबिदळ नको आणि पुन्हा रेजाँ नको. तो आनंदात होता. लहानपणी रिंकवर हंगामाचा पहिला बर्फ घातला की व्हायचा तसा.

मी पहिलं पातं हातात घेतलं आणि तसंच धरून उभी राहिले. सहा जोड्या करून देणं दोन तासांचं काम होतं. आणखी दोन वर्षं मिळाली असती त्याला, कदाचित एकच. त्यानंतर त्या सांध्यात वाचवण्यासारखं काही उरलं नसतं. न सांगावं, असं मला अजूनही वाटत होतं. हे मी लपवणार नाही.

माझ्या पाठीमागे तातो बाकावरून उठल्याचा आवाज आला. त्यांनी फळीवरची चुंबकी पट्टी उचलली, माझ्या हातातल्या पात्यावर ठेवली आणि कललेल्या टोकाकडे बघत राहिले. वर्षभर त्यांनी ती नक्की पाहिली असणार. एक शब्द काढला नव्हता.

“सांग त्याला,” ते म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचा नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

ओरेस्तने पट्टीकडे बघितलं. “बघ. रेजाँचं काम. अजून वाकडंच आहे.”

“हे रेजाँचं नाही,” मी म्हटलं. “हे माझं आहे. रेजाँने सरळ केलं होतं.”

मी वही काढून दिली. काउंटरला कोपर टेकून त्याने ती वाचली, पहिल्या तारखेपासून. दोन शतांश, तीन, तीन, पाच. बाजूला मी आतल्या धारेची झीजही लिहिली होती. हॉकीवाल्याला आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. शेवटच्या पानावर आल्यावर त्याने वही मिटली आणि म्हणाला की एक जोडी सरळ करून दे. अगदी सरळ.

मी दिली. पट्टी ठेवून त्याला दाखवली. त्याने पाती बुटात बसवली, बूट पायात चढवले, दुकानातलं हेल्मेट आणि हातमोजे घातले आणि आम्ही मधल्या दारातून रिंकवर गेलो. ऑगस्टच्या शिबिरासाठी त्याच आठवड्यात बर्फ घातला होता. दुपारची वेळ, मुलं जेवायला गेलेली. तातो आणि मी रिंकभोवतीच्या कठड्यापाशी उभे राहिलो.

त्याने दोन फेऱ्या पुढून मारल्या. मग उलटं सरकत बर्फावरच्या निळ्या रेषेपर्यंत आला आणि उजवीकडे वळला. पाय सरकला. पडला नाही, हात टेकून सावरला. पुन्हा मागे गेला. पुन्हा पाय सरकला. तिसऱ्या वेळी तो गुडघ्यावर आला. चौथ्यांदा त्याने वेग अगदी कमी केला, आमच्या शिबिरातल्या नऊ वर्षांच्या मुलांइतका, आणि तेव्हाही वळताना त्याचा चेहरा मला लांबूनही दिसला.

तो आमच्याजवळ येऊन कठड्याला टेकला.

“विचारलं का नाहीस?”

“तू सांगितलं नाहीस.”

“मी कोणाला सांगणार, स्तेफ? मलाच वाटत होतं की बरं झालंय.”

मी चुकले, एवढंच म्हणाले. त्याने मान हलवली, पण ती हो होती की नाही हे कळलं नाही. मग म्हणाला की या तीन वर्षांत मी एकशे ऐंशीच्या वर सामने खेळलो. ग्रँड रॅपिड्सला अख्खं रिंक उभं राहिलं होतं एकदा. मी म्हटलं, मी रेडिओवर ऐकलं होतं. पहिल्या सत्रात समालोचकाने नाव चुकीचं घेतलं आणि तिसऱ्या सत्रापर्यंत त्याला ते पाठ झालं. त्यावर ओरेस्तला हसू आलं. मग हसू थांबलं आणि त्याने हातमोज्यात तोंड लपवलं. तातोंनी त्याच्या हेल्मेटवर हात ठेवला. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून हेल्मेट हलकं वाजत राहिलं. ओरेस्तने ते थांबवलं नाही.

दुकानात परत आल्यावर त्याने ओहायोला फोन करावा असं मला वाटलं होतं. त्याने आधी रेजाँचा नंबर मागितला. मी बाहेर जायला निघाले, तर त्याने हाताने थांब म्हटलं. फोनवर तो म्हणाला, “रेजाँ, ओरेस्त बॉयको बोलतोय. पाती बरोबर होती तुमची. तेव्हा सगळ्यांसमोर बोललो होतो, आता हेही सगळ्यांना सांगतो.” पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. ओरेस्तने नंतर सांगितलं की रेजाँ एका फ्रेंच शब्दाला इंग्रजी शब्द शोधत दहा मिनिटं अडला होता, आणि तो शब्द शेवटी ‘हट्टी’ निघाला. मग रेजाँ म्हणाला होता, माझा खुबा मी अठ्ठावन्नाव्या वर्षी बदलून घेतला, चांगला चालतो, पण तू तेवढी वर्षं वाट बघू नकोस.

ओहायोला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या आधी नकार कळवला. तीन वाक्यं बोलला. त्यातल्या एका वाक्यात ‘खुबा’ हा शब्द होता. एवढ्या वर्षांत मी तो त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी मी त्याला सास्काटूनला डॉक्टरांकडे घेऊन निघाले. सव्वा तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळा पडत चाललेला गहू. पहिली वीस मिनिटं तो रेडिओची स्टेशनं बदलत होता. मग, मी काही न विचारता, त्याने बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा कळ आली ती सराव संपवून बसमधून उतरताना. मग मोजा घालताना. डावा मोजा घालायला खाली वाकवत नाही, म्हणून तो जमिनीवर पसरून त्यात पायाची बोटं सरकवत सरकवत घालावा लागतो, आणि बाहेरगावी खोलीतला जोडीदार झोपलेला असला तर हे अंधारात करायचं. एकदा चुकून जोडीदाराचाच मोजा घातला आणि अख्खा सामना त्यात खेळला. जिंकले, म्हणून त्या जोडीदाराने पुढचे पाच सामने त्याला तोच मोजा घालायला लावला.

मला इतकं हसू आलं की गाडीचा वेग कमी करावा लागला. तोही हसत होता. मग त्याने बसल्या जागी थोडं वळून, डाव्या कमरेच्या खाली, मांडीच्या मुळाशी दोन बोटं दाबली.

“इथे,” तो म्हणाला. “आणि आत. आणि पाऊस येणार असला की गुडघ्यापर्यंत.”

मी हो म्हटलं, आणि तो पुढे सांगत राहिला.