लोखंडाची आंघोळ

खडूचा तो तुकडा घामेजल्या बोटांत ओलसर झाला होता, तरी गणोजीला तो खाली ठेवायचं सुचत नव्हतं. समोर उसाच्या चरकाची ओतीव लाट, ऊस पिळणारा लोखंडी रूळ, आडवी पडलेली — अंगाला घासलेट चोळून, पुसून, वर खडूची भुकटी फासलेली. भेग असली तर आत मुरलेलं घासलेट वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. केसाएवढी का होईना, उमटतेच. पाव तास थांबायचं. चार महिन्यांत चार लाटा अशाच पांढऱ्या होऊन त्याच्यासमोर झोपल्या होत्या, आणि चारींनी त्याचं नाक कापलं होतं.

कृष्णाजी भट्टीपाशी पाठमोरा बसला होता. ही पाचवीही फुटली तर सोमवारपासून येऊ नकोस, असं मालकांनी, मानसिंगरावांनी, त्याला बजावलं होतं. कारण कोळशात खोट आहे, भट्टीवाल्याचं लक्ष नाही, असं गणोजीनंच त्यांच्या कानावर घातलं होतं. घातलं होतं म्हणजे... तेव्हा ते खरंच वाटत होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय!

गणोजीचा बाप देवास संस्थानच्या थोरल्या पातीचा ओतारी. समया, घंटा, निरांजनं — साचा उघडला की गरम पितळेवर तांब्यातलं पाणी शिंपडायचा आणि म्हणायचा, "जन्माला आलं, त्याला न्हाऊ घालायला नको?" संस्थान गेलं, बाप गेला, पितळ सोडून गणोजी या लोखंडाच्या कारखान्यात आला, पण ते पाणी काही सुटलं नाही. साच्याची वरची पेटी उचलली की लाल लाटेवर तांब्या रिकामा करायचा, आणि ते चर्र... किती शुभ वाटायचं ते! मागच्या आठवड्यात, मोडीत निघालेली चौथी लाट उलथताना त्यानं पाहिलं — भेगा सगळ्या वरच्या अंगाला. वाळूत बुडालेलं खालचं अंग तळहातासारखं साफ. आणि पाणी पडायचं तेही वरच्याच अंगावर. चिमुकली समई पाणी पिऊन हसत असेल, पण हे मणामणाचं लोखंड, आतून निखारा आणि वरून गारठलेलं... त्याची कातडी फाटणार नाही तर काय होणार?

म्हणून या खेपेला भट्टी तीच, कोळसा तोच, फक्त पाणी नाही. लाट दोन दिवस वाळूतच झाकून ठेवलेली. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला, भवानीबाईलासुद्धा नाही.

आणि आता मी मागतोय काय? लाट साफ निघू दे — म्हणजे कोळसा निर्दोष, म्हणजे कृष्णाजी निर्दोष, म्हणजे दोष माझ्या हाताचा, बापाच्या रिवाजाचा... आई चामुंडे, तरी निघू दे!

पाव तास झाला. पांढरं पांढरंच राहिलं. तो वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, मग लाट फिरवून पुन्हा गेला — एक रेघ नाही. छातीत असं काही उसळलं की लाजेला तिथं जागाच उरली नाही. बाबा, अख्खी आहे! ओताऱ्याच्या पोरानं लोखंड अख्खं काढलं!

मानसिंगरावांनी चष्मा लावून पाहिलं, बोट फिरवलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा भिया, कमाल कर दी! कोळसा बदललास शेवटी, नाही का?"

भट्टीपाशी कृष्णाजीची मान आणखी खाली गेली. गणोजीनं हो म्हटलं की झालं असतं. तेवढंसुद्धा नको, नुसती मान हलवली तरी पुरे होतं.

"कोळसा तोच आहे, रावसाहेब." त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "भट्टीपण कृष्णाजीनंच लावलेली."

"अरे, मग?"

कृष्णाजी उठून उभा राहिला होता. दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते — आठवडाभर गणोजी याच एका प्रश्नाला भीत होता, आणि आता तो प्रश्न समोर उभा ठाकला तर ती भीती शोधूनही सापडेना. बाप आज इथं असता तर त्यानंही हेच विचारलं असतं, असं त्याला एकाएकी वाटलं. दोघांच्या आधी, ओरडून विचारलं असतं. सांगायचं सगळं जिभेवर आलं होतं, पण हसू काही आवरत नव्हतं.