आधी आरसा, मग फ्रीझर

इंडोनेशियातल्या बोगोरमध्ये आभाळ गडगडलं की योयोह आधी आरसा झाकायची. आरसा वीज ओढून घेतो, असं तिची आई सांगायची, आणि पन्नाशी उलटली तरी योयोहची आईचं ऐकायची सवय सुटली नव्हती. त्या दुपारीही पहिला गडगडाट होताच ती चादर घेऊन कपाटाच्या आरशाकडे धावली. टोकं नीट खोचली आणि आता फ्रीझरचा प्लग काढावा म्हणून वळली, तोच मागच्या नारळावर कडाडून वीज पडली.

फ्रीझर 'ठक्' करून गप्प झाला. घरातले दिवे जळत होते, गेला तो एकटा फ्रीझर.

आत दुधाची सदतीस पाकिटं होती. योयोहची लेक इमास दूर चिकारांगला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. जेवणाच्या सुट्टीत अंगावरचं दूध काढून ठेवायची आणि दर रविवारी बर्फाच्या डब्यातून आजीकडे ठेवलेल्या आपल्या पाच महिन्यांच्या नाझ्वासाठी आणायची. पावडरचं दूध पोरीला सोसत नव्हतं, अंगभर पुरळ उठायचं. आणि एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, हे इमासने आईला दहादा बजावलं होतं.

गल्लीच्या टोकाला एंगकोसचं दुरुस्तीचं दुकान होतं. पण गेल्या वर्षी याच फ्रीझरमध्ये त्याने न विचारता एक जास्तीची वस्तू बसवली आणि तिचे पैसे लावले, म्हणून योयोहने त्याला साऱ्या गल्लीदेखत 'लुबाड्या' म्हटलं होतं. तेव्हापासून बोलाचाली बंद. तिने तास-दोन तास कळ काढली, पण गरजवंताला अक्कल नसते. पाऊस ओसरताच तिने आरशावरची चादर काढली आणि नाझ्वाला कडेवर घेऊन ती दुकानात हजर झाली.

"कांग, जरा घरी येता का? फ्रीझर गेलाय."

एंगकोसने चष्म्यावरून पाहिलं. "कोण, मी? मी तर लुबाड्या ना, चेऊ?" कांग म्हणजे दादा, चेऊ म्हणजे ताई; बोलाचाली बंद असली तरी हाका त्याच होत्या.

"आहातच! पण आत हिचं दूध आहे."

एंगकोस उठला. पिशवी उचलून निघाला.

"झाकण उघडलं नाही ना?" घरात येताच त्याने विचारलं.

"बोटसुद्धा लावलं नाही."

त्याने प्लग काढला आणि फ्रीझरच्या पाठीची पेटी उघडली. जळका वास आला.

"मोटर गेली का? खरं काय ते सांगा बाई एकदा!"

एंगकोसने शर्टाच्या बटणाएवढी, तडकून काळी पडलेली एक चकती तिच्या तळहातावर ठेवली. "ओळखलीत?"

"कसली मेली ही?"

"हीच माझी लुबाडणूक. तारेतून विजेचा लोंढा आला की ही तो अंगावर घेते नि मरते. मग फ्यूज उडतो, नि मोटर वाचते."

योयोहला लाज वाटली. अगदी कान लाल होईपर्यंत.

"मग तेव्हाच नाही का सांगायचं?"

"सांगत होतो की. तुम्ही ओरडत होतात."

नवी चकती बसली, नवा फ्यूज बसला. प्लग लावताच फ्रीझर घुरघुरायला लागला. योयोहने झाकण जरासं उचलून आत हात घातला. पाकिटं दगडासारखी टणक होती. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिला रडूच फुटलं. नाझ्वाला गंमत वाटली, तिने आजीचं नाक धरलं.

चहा आणि तळलेली केळी समोर ठेवत योयोह म्हणाली, "कांग, चुकलं माझं. उद्या साऱ्या गल्लीदेखत सांगते."

"सांगा, पण ओरडू नका. आणि चकतीच्या भरवशावर राहू नका. वीज थेट घरावर पडली तर तिचंही काही चालत नाही."

तेवढ्यात आभाळ पुन्हा गडगडलं. योयोहचा हात सवयीने चादरीकडे गेला, थबकला, आणि तिने धावत जाऊन प्लग उपसला.

"आणि आरसा?" एंगकोसने केळं चावत विचारलं.

"आरशात काही नाझ्वाचं दूध नाही!"