नमुना कुठला

कमलमावशीने नळाच्या तोंडावर तळहात दाबून धरला. पाणी येऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. बोटांच्या फटींतून ते तिच्या मनगटावर ओघळत होतं. समोर संघमित्रा नमुन्याची बाटली घेऊन उभी होती. ती महापालिकेच्या दवाखान्यात आरोग्य सेविका होती, आणि याच गल्लीत सहा घरं सोडून राहत होती.

"मावशी, हात काढ. पाणी जाईल."

"माझ्या नळाचं नको घेऊस, मित्रा."

घाटकोपरच्या डोंगरावरच्या या गल्लीत पंधरा दिवसांत चौघांना कावीळ झाली होती. चौथी तेजल, मावशीची सून. तिला सातवा महिना होता. काल तिला दाखल करून घेतलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी संघमित्राला बाजूला घेतलं होतं. ही कावीळ पाण्यातून येते, गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, नमुना लगेच पाठव, असं त्या म्हणाल्या होत्या.

नमुना कुठल्या घरचा, हे बाटलीवर लिहावं लागे. अडचण तिथेच होती. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्याच जयवंतच्या घरचा नमुना खराब निघाला. आता गटारातून गेलेला गंजका पाइप बदलतील, असं त्याला वाटलं. महापालिकेची माणसं आली, त्याचा नळ अनधिकृत म्हणून तोडून गेली. गल्लीतले बाकीचे नळही तसेच होते. पाइप होता तिथेच राहिला. जयवंतची बायको तीन महिने हंडा घेऊन दारोदार फिरत होती.

"तेजल बाळ घेऊन घरी येईल," मावशी म्हणाली. "तेव्हा पाणी कुठून आणू? तू देशील?"

"आणि हेच पाजशील तिला?"

मावशीने हात काढला नाही.

पलीकडच्या श्वेताने दार अर्धवट उघडून सांगितलं, "आमच्याकडे आज आलंच नाही गं पाणी." आत बादलीत धार पडत होती. त्यापुढची दोन दारं उघडलीच नाहीत.

संघमित्रा घरी आली तेव्हा पाणी जायला दहा मिनिटं उरली होती. तिचा नवरा प्रबुद्ध कळशी भरत होता.

"सरक जरा."

त्याने बाटली पाहिली. "डोकं फिरलंय का? जयवंतची कशी वाट लागली, विसरलीस?"

"नाही विसरले."

"सगळ्यांचा पाइप एकच आहे ना? मग आपलाच नळ कशाला?"

"कुणीतरी द्यायला हवा ना."

प्रबुद्धने कळशी बाजूला ओढली. तिने बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, ओला हात साडीला पुसून चिठ्ठीवर स्वतःचा खोली नंबर लिहिला आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली.

"कधी येतील तोडायला?"

"रिपोर्ट आला की. चार-पाच दिवसांत. या वेळी पाइपसाठी वॉर्ड ऑफिसला जाऊन बसेन मी."

"ऐकतील तुझं?"

प्रबुद्ध स्टुलावर चढला. माळ्यावरची पातेली, जुना डबा, लग्नातला हंडा, सगळं त्याने खाली काढलं आणि एकेक नळाखाली लावू लागला.

पहिलं पातेलं भरताच संघमित्राने ते उचलून गॅसवर ठेवलं.

"चांगली उकळी येऊ दे," ती म्हणाली आणि पेटी घेऊन बाहेर पडली.