भिंतीकडे मागितलेला ओटीपी

एप्रिलमध्ये महूहून जयंती करून परतताना माझं आणि संबोधीचं, म्हणजे माझ्या सुनेचं, भांडण झालं. माझ्या पेन्शनच्या खात्यावर तिला स्वतःचं नाव हवं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. निरोप माझ्या मुलाकडून, अश्वजितकडून. तो पोलोग्राउंडच्या कारखान्यात कामावर गेला की आम्ही भिंतीशी बोलतो.

बँकेला ईमेल हवा होता तेव्हा तिचाच दिला होता. मोबाइल नंबर माझा.

त्या दुपारी ती भिंतीला म्हणाली, "बँकेचा मेल आलाय. आज केवायसी नाही केलं तर खातं बंद. लिंकवर पासवर्ड वगैरे सब भरलंय. आता ओटीपी कुणीतरी सांगावा."

माझा फोन वाजला होता. मी भिंतीलाच म्हटलं, "ज्याला पाहिजे त्यानं तोंडाकडे बघून मागावा."

"पेन्शन बुडाली तरी चालेल, ताठा जायला नको."

"पेन्शन माझी, ताठाही माझाच."

"मग बंद होऊ द्या. अश्वजितच्या पगारावर अजून एक तोंड."

हे लागलं. नंबर तिच्या अंगावर फेकावा म्हणून मी चष्मा लावला. एरवी मी नुसते आकडे बघते. त्या दिवशी रागात सगळा मेसेज मोठ्यानं वाचला. कोड बेचाळीस हजार रुपये पाठवण्यासाठी होता. कुणालाही सांगू नका, असंही लिहिलं होतं.

"केवायसी करायला पैसे बाहेर जातात होय, भिंतबाई?"

संबोधीनं मेल पुन्हा उघडला. वर बँकेचं नाव होतं. त्यावर बोट ठेवल्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता दिसला, तो भलताच कुणाचा तरी.

"आई, नंबर देऊ नका," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"दिला कुठे?"

तिनं माझ्या कार्डामागचा बँकेचा नंबर लावला. तिकडच्या माणसाला खातेदाराशीच बोलायचं होतं. तिनं फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. त्यानं खातं थांबवलं, पैसे गेले नाहीत म्हणाला, आणि तक्रार लिहायला घेतली.

"पासवर्ड किसने डाला था, माताजी?"

संबोधी समोर उभी होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. अश्वजितला कळायला नको होतं.

"बहू ने," मी म्हटलं.

"उनका नाम?"

मी तिचं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, हळूहळू, त्याला नीट लिहून घेता यावं म्हणून.