कोरड्या पाटातले चाक

पाटाच्या दोन्ही काठांवर इतकी माणसे उभी होती की पाणी दिसतच नव्हते. दिसत होते ते फक्त चाक. लोखंडी कड्याचे, पुरुषभर उंच, हळदीकुंकवाने माखलेले. त्याच्या आसाला दातेरी चक्रांची बंद पेटी जोडलेली होती, पेटीपुढे हिरवा डायनामो आणि डायनामोच्या पट्ट्यावर पिठाची गिरणी. गावातली लाईट गेलेली होती; तरी मंडपातल्या माळा लखलखत होत्या आणि गिरणीतून गरम पीठ पडत होते. बायका ते प्रसाद म्हणून पदरात घेत होत्या.

“पाण्याला मीटर आहे का?” जलानंद महाराजांनी माईकवरून विचारले.

“नाही!”

“पाण्याला बिल येते का?”

“नाही!”

“मग माता देते ते घ्या! चाक एकदा फिरते, माझे सिद्ध दाते त्याच्या चाळीस फिरक्या करतात. फिरक्या चाळीस, म्हणजे शक्तीही चाळीस पट! उद्या तुमच्या प्रत्येकाच्या दारी असे चाक बसेल!”

“चमत्कार शे भाऊ, चमत्कार!” गर्दीतून आवाज उठला.

महाराजांची अट एकच होती. मातेचा प्रवाह तुटता कामा नये. पाटाचे दार अहोरात्र उघडे राहावे, आणि चाकाखालून निघालेले पाणी वेगाने जावे म्हणून ते थोड्या अंतरावरच्या सांडीतून, म्हणजे जादा पाणी काढून देण्याच्या वाटेने, परत पांझरा नदीत सोडावे. तूर्त प्रयोग म्हणून तसे चालू होते. कायमचा निर्णय फडाच्या पंचांनी द्यायचा होता, आणि पंचांची प्रमुख मी. सासऱ्यांनंतर यजमानांनी आणि त्यांच्यानंतर मी हे काम सांभाळले.

धुळ्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या आमच्या गावात बंधाऱ्याचे पाणी अजून जुन्या शिस्तीने वाटले जाते. जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि पाणी पाळीने. वरच्याची पाळी संपली की पाटकरी त्याचे दार बंद करतो. तेव्हा कुठे ते शेवटच्या फडाला पोहोचते.

महाराजांना गावात आणले होते भूपेंद्रने. भूपेंद्र माझा भाचा. धाकटा भाऊ गेला तेव्हा हा पोर माझ्या पदराला धरून या घरात आला. तो मला फुई म्हणतो. आमच्या खान्देशात आत्याला फुई म्हणतात. विजेच्या कामाचा त्याचा डिप्लोमा मी करवला, वरच्या फडातली जमीन त्याला कसायला दिली. महाराजांचा माईक तोच धरत असे, आणि म्हणूनच गावाने महाराजांवर विश्वास ठेवला. मीही ठेवला.

एके सकाळी शेवटच्या फडातली झुंबरबाई अंगणात येऊन उभी राहिली.

“अक्का, देव शे तं देव, पन मना गहू वाळी राह्यना! बठ्ठं पानी वरच राही जास. आते ओंबी भरानी येळ शे. आमनी पाळी कोठे गई?”

मी भूपेंद्रला बोलावले. तो हसून म्हणाला, “फुई, एका बाईच्या गव्हासाठी गावाचा उजेड बंद करायचा का? पुढच्या वर्षी तिच्याही दारात चाक बसेल.”

उत्तर गोड होते. मला ते पचले नाही. धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी माझी सून वृषाली सुट्टीवर आली होती. तिला घेऊन मी चाकाजवळ गेले. पाटात पिंपळाचे एक पान वाहत येत होते. ते चाकापाशी आले, आणि चाकाच्या फळ्या त्याला मागे टाकून पुढे निघून गेल्या. दुसरे पान आले, त्याचेही तेच झाले.

“वृषाली, पाणी या फळ्यांना ढकलते ना? मग फळ्या पाण्याच्या पुढे कशा धावतात?”

ती वाकून फळ्यांकडे पाहत हळूच म्हणाली, “आई, पाणी चाकाला फिरवत नाहीये. चाकच पाणी उडवतंय.”

“आणि चाळीस पट करणारे ते दाते?”

“सायकलसारखं आहे. मागची चक्री लहान केली की चाक भरभर फिरतं. पण तीच सायकल चढावर घाला, पायात गोळे येतात. दाते वेग वाढवतात तेवढाच जोर कमी करतात, वर घर्षणात थोडं जातं ते वेगळंच. हे पाणी हातभरही खाली पडत नाही. यावर एखाद-दुसरा बल्ब लागेल. गिरणी कधीच नाही.”

तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चाक फिरण्याचा महाराजांचा मुहूर्त एक आठवडा दिवसाचा असे, तर पुढच्या आठवड्यात रात्रीचा. शेतीच्या मोटारींना गावापासून वेगळ्या तारेवर थ्री फेज लाईट मिळते तीही अशीच, आठवड्याला पाळी बदलून. पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या गावाला हे वेळापत्रक तोंडपाठ. पण देवाच्या मांडवात शिरताना ते सगळ्यांनी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवले होते.

निर्णयाच्या दिवशी सारे गाव पाटावर जमले. भूपेंद्रने माईक माझ्या हातात दिला. “फुई, बोला. गाव वाट पाहतंय.”

मी पाटकऱ्याला हाक मारली. “झुलाल, बंधाऱ्याच्या दाराला फळ्या घाल.”

महाराज ताडकन उठले. “अक्का! प्रवाह तोडाल तर मातेचा कोप होईल! चाक थांबेल, गाव अंधारात जाईल!”

“महाराज, चाक थांबले तर मी सर्वांसमोर तुमच्या पायांवर डोके ठेवीन,” मी म्हणाले. “झुलाल, उभा का?”

झुलालने फळ्या घातल्या. पाणी उतरू लागले. गुडघाभर होते ते घोट्याएवढे झाले, मग नुसता चिखल उरला. चाकाच्या फळ्या हवेत फिरत होत्या. गिरणी दळत होती. माळा लखलखत होत्या.

काठावरची माणसे वाकून पाहू लागली. मग झुंबरबाईचा आवाज आला, “आते चाकले कोन ढकली राह्यनं वं माय?”

“पाण्याची... पाण्याची स्मृती!” महाराज म्हणाले. “माता गेली तरी तिची स्मृती...”

“दळण दळते आहे तुमची स्मृती,” वृषाली म्हणाली. “हा डायनामो नाही. ही मोटार आहे. तीच गिरणी चालवते आणि दात्यांतून उलटे चाकही. झुलालभाऊ, पेटीखाली कुदळ घाला.”

झुलालने खणले. हातभर मातीखाली काळी केबल निघाली. ती उपटत तो काठाने पुढे चालला, आणि त्याच्यामागे सारे गाव. वाटेत कोणीतरी म्हणाले, “बुवाचाच माणूस असंल कुणीतरी.” केबल बांध ओलांडून गेली, लिंबाखाली वळली आणि एका हिरव्या दाराखाली शिरली.

ते माझ्या विहिरीचे मोटारघर होते.

त्या दाराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, दुसरी भूपेंद्रकडे. गावाला संशय आला असता, तरी अक्कांचे मोटारघर उघडून पाहण्याची कोणाची छाती नव्हती. माझ्या नावाचा त्याने कुलपासारखा वापर केला होता.

मी त्याच्याकडे पाहिले. “का रे?”

तो जवळ येऊन पुटपुटला, “फुई, घरातलं घरात ठेवा. उसाला पाणी पुरत नव्हतं. पाळीने ऊस होत नाही.”

मग सारा डाव उलगडला. चाक आणि सांडी यांच्यामध्ये त्याचेच शेत होते. फडाचा नेम मोडून त्याने तिथे ऊस लावला होता. अहोरात्र वाहणारे पाणी त्याच्या बांधावरून जात होते, आणि उघडपणे जे कोणी दिले नसते ते त्याने देवाच्या नावाने घेतले होते. बुवा केवळ भाड्याचा होता. फसवणूक माझ्या घरातून निघाली होती.

माईक अजून माझ्या हातात होता. त्याने जे हळू सांगितले, ते मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. मान खाली न घालता सांगितले. मग झुलालला म्हणाले, “दाराच्या फळ्या काढ, सांडी बुजव, आणि पहिले पाणी शेवटच्या फडाला जाऊ दे.”

“फुई, मी तुमचा पोर आहे,” भूपेंद्र म्हणाला.

“म्हणूनच तुला किल्ली दिली होती,” मी म्हणाले आणि हात पुढे केला. त्याने ती माझ्या तळव्यावर ठेवली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली. तीत नावे दोन आहेत. दुसरे मी स्वतः सांगितले. नातलग अजून येऊन समजावतात की अक्का, रक्ताच्या माणसाला एवढे करू नये. त्यांना मी चहा देते. तक्रार मागे घेत नाही.

आता वाचणाऱ्यांना एवढेच सांगते. पाण्यावर वीज होते, यात खोटे काही नाही. पाणी उंचावरून पडले पाहिजे, भरपूर पडले पाहिजे. पण चाकाला कितीही दाते लावा, पाणी जेवढे देते त्याहून कणभरही जास्त ते देणार नाही. कोणी जास्त देतो म्हणाला, तर हात जोडण्याआधी विचारा, ते कुठून येते आणि कोणाचे कमी होते. सांगणारा परका असेल तर विचाराच. आपला असेल, तर आधी विचारा.